पहिलीच्या वर्गापुढचा खड्डा

पहिलीला शिकवणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी जूनमध्ये एकदा साठ रडकी पोरं सांभाळून दाखवावीत आणि मग माझ्याशी बोलावं. मी चोवीस वर्षं सांभाळली. शहराच्या गारखेडा भागातल्या आमच्या शाळेत, मैदानाच्या अगदी खालच्या कोपऱ्यातल्या एकाच खोलीत. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, तरी सकाळी जाग आली की आधी तीच खोली आठवते. दारात ओळीनं काढलेल्या इवल्या इवल्या चपला, आणि दारातून पाऊल टाकलं की थेट मैदान. जिना नाही, कठडा नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली की पोरं भुर्रकन बाहेर. मातीत बसायची, काडीनं अक्षरं काढायची. पाटीवर ज्याचा 'क' काही केल्या उभा राहायचा नाही, त्याचा मातीत बरोबर यायचा. हे मी किती वेळा बघितलंय.

खोलीची एकच खोड होती. मोठा पाऊस झाला की आत पाणी शिरायचं. मागचा रस्ता डांबरावर डांबर चढून चढून उंच झालेला, शाळेच्या तिन्ही इमारतींच्या गच्च्यांचे पाइप मैदानात सोडलेले, आणि सगळ्या उताराचा शेवट माझ्या उंबऱ्याशी. आम्ही दारात फळकूट लावायचो, रेतीची पोती रचायचो, तरी घोट्याएवढं पाणी व्हायचंच. पोरांची काय, मज्जा! बाकावर पाय वर घेऊन बसायची आणि ओरडायची, "बाई, माझी चप्पल निघाली गावाला!" मी पदर खोचून पाणी उपसायची आणि अख्ख्या संस्थेचा उद्धार करायची. माझा आवाज गेटपर्यंत जायचा. जाऊ दे, म्हणूनच तर काढायची.

उपसायला माझ्या जोडीला एकच माणूस असायचा, शाळेचे शिपाई. सगळी शाळा त्यांना मामा म्हणायची, मीही म्हणायची. आम्ही दोघं एकाच गावचे. पिशोरच्या अलीकडं एक लहानसं खेडं आहे, तिथले. माझं माहेर बऱ्यापैकी शेतीवाडीचं, मामा बौद्धवाड्यातले. गावात असताना आमची ओळख नव्हती, हेही सांगून टाकते. ओळख झाली ती इथं शहरात, शाळेत. मग मात्र डबा खाऊन झाला की कडुनिंबाखाली दहा मिनिटं आमची गावाकडची भाषा सुरू व्हायची.

"काय मामा, पाऊस हाय का तिकडं?"

"कशाचा बाई! नुसतंच आभाळ येतंय अन जातंय. लई बेकार."

बाकीच्या शिक्षिका हसायच्या. हसू देत. मला ती दहा मिनिटं आजही हवीशी वाटतात.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना संस्थेच्या सचिवांनी जाहीर केलं, की मैदानाला पेव्हर ब्लॉक बसवायचे, पहिलीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर न्यायचा आणि खालची खोली सामान ठेवायला वापरायची. "बाई, तुमचाच त्रास वाचतोय," असं वर मलाच ऐकवलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सहा वर्षांची पोरं तिसऱ्या मजल्यावर कोंडायची, आणि खाली उतरली तरी पायाखाली माती नाही! मी भांडले. खूप भांडले. पण भांडून पाणी थोडंच थांबतं.

त्याच सुमारास माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. माझ्याच वर्गात चप्पल वाहून गेलेली पोरगी, आता पुण्यात पावसाच्या पाण्याची कामं करणारी इंजिनियर झाली होती. तिनं मैदान बघितलं, पायानं उतार मोजला आणि म्हणाली, "बाई, आपण पावसाची बाग करू." म्हणजे काय, तर माझ्या खोलीच्या वरच्या अंगाला लांबट, उथळ खड्डा घ्यायचा. तळाला खडी, वर वाळू, त्यावर शेणखत घातलेली भुसभुशीत माती, आणि त्यात पाण्यातही तगतील आणि उन्हातही तगतील अशी झाडं. गच्चीचं आणि रस्त्याचं पाणी आधी त्या खड्ड्यात येणार आणि दिवसभरात जमिनीत मुरणार. फारच जास्त झालं तर एका बाजूनं गेटकडच्या नालीत जाणार. वर्गात येणारच नाही.

सचिवांना पटलं नाही, पण नाही म्हणवेना, कारण पोरगी फुकट करून देत होती. म्हणाले, "एक पावसाळा देतो, बाई. वर्गात एकदा जरी पाणी शिरलं, तर खड्डा बुजवणार आणि ब्लॉक बसवणार. मग तुमचं काही ऐकून घेणार नाही."

मी म्हटलं, "मंजूर."

त्या मे महिन्यातली मजा अजून डोळ्यासमोर आहे. सुट्टी असूनही पालक यायचे, सकाळी सकाळी, ऊन चढायच्या आत. कुणाचे वडील टिकाव घेऊन, कुणाची आई घमेलं घेऊन. मामा सगळ्यांच्या आधी हजर. वरची माती निघाली आणि खाली मुरूम लागला, तशी माझी विद्यार्थिनी टाळ्याच पिटायला लागली, "बाई, मुरूम! आता पाणी कसं सरसर जाईल बघा!" खडी घेऊन आलेला टेम्पोवाला मात्र डोक्याला हात लावून उभा. "मॅडम, खड्डा खोदे कायकू, फिर भर रै कायकू?" त्याला समजावता समजावता आमची हसून पुरेवाट झाली. पोरांनी वाळा लावला, कर्दळ लावली, कडेला गवती चहा लावला. प्रत्येकानं आपापल्या रोपाला नाव ठेवलं. एका कर्दळीचं नाव चक्क 'हेडबाई' होतं.

पुण्याला परत जाताना विद्यार्थिनीनं मला आणि मामांना समोर उभं करून बजावलं, "माती दाबायची नाही. पाणी जायची वाट बुजवायची नाही. बाकी काही करू नका." मी मान डोलावली. पहिलीच्या पोरांसारखी.

जूनच्या तोंडाशी मी आणि मामांनी बोअरच्या पाण्याचा पाइप त्या खड्ड्यात सोडून बघितला. दहा मिनिटं पाणी दिसलं. मग खाली, खाली, आणि बघता बघता गायब. तळ नुसता ओला.

आता तुम्हीच सांगा. ज्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, जिथं मी स्वतः बाथरूममध्ये दोन ड्रम, गच्चीत टाकी आणि ओट्याखाली चार कळश्या भरून ठेवते, तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालते, त्या बाईनं डोळ्यांदेखत पाणी गेलेलं बघायचं? माझा जीव तळमळला. घरी गेले तर जेवण जाईना. सारखं तेच, गेलं, सगळं गेलं! पावसाचं एवढं पाणी येणार आणि असंच जमिनीच्या घशात जाणार? साठवायला नको का? आमच्या मराठवाड्यात पाणी दिसलं की माणूस आधी भांडं शोधतो. मीही शोधलं. दुसरं काय.

भावाला फोन केला आणि त्याच्या शेतातली काळी माती ट्रॉलीभर मागवली. शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी मामांना बोलावून घेतलं. वरची माती आणि रोपं बाजूला काढायची, वाळू-खडीवर काळ्या मातीचा चिखल करून हातभर थर द्यायचा, तो धुमसानं बडवून बडवून घट्ट करायचा, आणि मग माती, रोपं परत जिथल्या तिथं. शेततळ्याला करतात तसं. आणि पाणी बाहेर जायची जी वाट होती, तिथं छानसा बांध. थेंब म्हणून बाहेर जाता कामा नये.

मामा धुमस हातात घेऊन उभे राहिले. "बाई, एक बोलू का?"

"बोला."

"ती पोरगी नगं म्हणली व्हती. पाणी खाली जातंय तर जाऊ द्या की. जातंय कुठं? हितंच ऱ्हातंय, खाली."

ऊन चढत होतं, ट्रॉलीवाल्याची घाई चालली होती, आणि माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळलाच असेल. मी फटकन म्हणाले, "मामा, पाण्याचं मला शिकवू नका. दारात विहीर होती आमच्या."

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग धुमस उचलला. संध्याकाळपर्यंत एकट्यानं बडवलं.

सुरुवातीच्या सरी आल्या आणि काय सांगू, माझ्या वर्गापुढं तळं झालं! आभाळ उतरलं त्यात. चिमण्या यायच्या अंघोळीला. पोरांनी होड्या सोडल्या. हेडबाई म्हणाल्या, "वा! फारच सुंदर." मी कौतुक अंगावर मिरवत हिंडत होते. विद्यार्थिनीला फोटो पाठवायचं मात्र टाळलं. का टाळलं, ते मला आतून ठाऊक होतं. चार-पाच दिवसांनी पाण्यावर डास घोंघावायला लागले, कर्दळीची पानं पिवळी पडली, वाळा तर सडलाच. मी म्हटलं, होईल ठीक.

मग एका शनिवारी धो धो पाऊस आला. खड्डा आधीच काठोकाठ. नवीन पाण्याला आत जागा नाही आणि बाहेरची वाट माझ्या बांधानं बंद. पाण्यानं काय करावं? ते सरळ माझ्या वर्गात आलं. घोट्याएवढं नाही, पोरांच्या गुडघ्याएवढं. आणि या वेळी कुणी मज्जा केली नाही. एक पोरगी घाबरून बाकावरून पडली, तिच्या कपाळाला खोक पडली. मी तिला कडेवर घेऊन बाहेर पळाले, पोरं एकमेकांचे हात धरून रडत पाण्यातून निघाली.

पाऊस थांबायच्या आत सचिव आले. व्हरांड्यात सगळी शाळा उभी. त्यांनी तिथूनच माझ्या विद्यार्थिनीला फोन लावला, मोठ्या आवाजावर. ती गोंधळली. "असं होणारच नाही, सर. पाणी मुरत नाहीये म्हणजे तळाला काहीतरी घातलंय कुणीतरी. पहार घालून बघा ना." मामांनीच पहार आणली. घातली, हलवली, वर काढली. टोकाला काळीभोर चिकट माती.

"ही कुठून आली? इथं तर मुरूम आहे. कुणी घातली ही?" सचिव गरजले.

मग मामा म्हणाले, "मी बडवली, साहेब."

"तू? अक्कल गहाण टाकली का रे? पोरं मेली असती आज!" साठीला टेकलेल्या माणसाला अरे-तुरे, अख्ख्या शाळेसमोर. "दोन दिवसांत सगळं उकरून काढ. एकट्यानं. आणि मेमो घेऊन जा ऑफिसातून. बाग ठेवायची का बुजवायची, सोमवारी बघतो."

मी चार पावलांवर उभी होते. कडेवर ती पोरगी. माझा गेटपर्यंत जाणारा आवाज त्या दिवशी कुठं गेला होता कोण जाणे. नाही, कोण जाणे कसलं! मला ठाऊक आहे. मी हिशेब केला. मामांवर गेलं तर बाग वाचेल, खोलीही वाचेल आणि माझी अब्रूही वाचेल. बावीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारी बाई गप्प उभी राहिली.

शनिवारची रात्र कशीबशी काढली. रविवारी सकाळी जुनी साडी नेसून, खुरपं घेऊन शाळेत गेले. मामा गुडघाभर चिखलात एकटेच उकरत होते. मी चपला काढल्या आणि खड्ड्यात उतरायला लागले.

"उतरू नका, बाई," ते म्हणाले. मान वर न करता.

"मामा, मी चुकले हो. थोडं काढू लागते."

तेव्हा त्यांनी फावडं उभं केलं आणि माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदा बघत होते. "मी खोटं नाय बोललो. बडवली मीच. कुणी सांगितलं, ते साहेबांनी विचारलं नाय अन तुम्ही सांगितलं नाय. माझी नात शिकती या शाळेत, चौथीत. ती व्हती व्हरांड्यात. चिखल मी काढतो, माझ्या हाताला सवय हाय. तुम्ही उद्या परिपाठाला बोला. समद्या पोरांपुढं. मग या घमेलं धरायला."

मी चपला घातल्या आणि घरी आले.

सोमवारी परिपाठ झाला, प्रार्थना झाली, दिनविशेष झाला. मी हेडबाईंना न विचारता माइकसमोर गेले. म्हटलं, "मुलांनो, ती माती घालायला मी सांगितलं होतं. मामांनी मला नको म्हटलं होतं, मी त्यांचं ऐकलं नाही. वर्गात पाणी आलं ते माझ्यामुळं. आणि मामांना बोलणी बसली तेव्हा मी गप्प बसले. ती माझी दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी." मग मामांकडं वळून हात जोडले. "मामा, मला माफ करा."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून माझ्याच वर्गातल्या एका पोराचा खणखणीत आवाज आला, "बाई, मग तुम्ही पण अंगठे धरणार?"

हशा पिकला. खरं सांगते, मला त्या क्षणी अंगठे धरणं परवडलं असतं. चौथीच्या रांगेत दोन वेण्यांची एक पोरगी हसत नव्हती. ती आजोबांकडं बघत होती, आणि आजोबा तिच्याकडं.

नंतर सचिव कुरकुरले, "बाई, हे माझ्या केबिनमध्येही सांगता आलं असतं."

"तुम्ही त्यांना केबिनमध्ये बोलला नव्हता," मी म्हणाले. माझा आवाज परत आला होता. मेमो मागं घेतला गेला. बागेला उरलेला पावसाळा मिळाला, पण अट तीच. एकदा जरी पाणी शिरलं, तर ब्लॉक.

त्या दुपारी मी घमेलं धरलं. दुसऱ्या शिक्षिका आल्या, सातवीची पोरं आली. माझा बांध मी माझ्या हातानं फोडला. खडी धुऊन परत घातली, भुसभुशीत माती घातली, नवा वाळा लावला.

आणि ऑगस्टमध्ये तसाच पाऊस आला. तसाच, धो धो. पोरांना घरी पाठवून दिलं होतं. मी आणि मामा वर्गाच्या दारात उभे राहिलो. खड्डा भरला. वाळ्याची टोकं तेवढी दिसत होती. पाणी उंबऱ्यापासून दोन हातांवर येऊन थांबलं, जास्तीचं नालीकडं वळलं. पाऊस ओसरला, मग पाणी हळूहळू खाली जायला लागलं. एक दगड उघडा पडला. मग दुसरा. माझी खोली कोरडी ठणठणीत होती. मला रडूच आलं. मामा हसत होते.

मी डोळे पुसत विचारलं, "मामा, तुम्हाला कसं हो ठाऊक होतं? खाली गेलेलं पाणी जात नाही म्हणून?"

"आता त्यात काय," ते म्हणाले. "झिऱ्यावर वाढलो आम्ही. उन्हाळ्यात नदी आटली की आई वाळूत हातानं खड्डा करायची. कोपरभर खोल गेलं की पाणी झिरपायला लागायचं. वाटी वाटीनं घागर भरायची. एका घागरीला तास लागायचा. वरून नदी कोरडी, पण पाणी कुठं जात नसतंय, बाई. खालीच ऱ्हातंय."

मला ते दृश्य लख्ख दिसलं, कारण मी ते बघितलेलं होतं. आमचं घर मळ्यातच, नदीला लागून. विहिरीच्या काठावर उभं राहिलं की खाली वाळूत ओणवलेल्या बौद्धवाड्यातल्या बायका दिसायच्या, भर उन्हात, वाटीनं पाणी भरणाऱ्या. आमची विहीर तिथून पन्नास पावलांवर, भरलेली. मी सात-आठ वर्षांची असेन. रोज बघायची.

मी मामांना ते सांगितलं. लपवायचं काय आता. म्हटलं, "मामा, मी बघायची तुमच्या आईला, आणखीही बायका असायच्या. आणि मला खरंच वाटायचं हो, की त्यांना नदीचं पाणी आवडतं."

मामांचं हसू थांबलं.

"गोड असायचं, बाई," ते म्हणाले. "पण एकदा तुम्ही विचारायला तरी यायचं."